विश्लेषण : घरात ‘१०० एमबीपीएस’, तरी व्हिडीओ का अडकतो? खांदा कॉलनीतून निघालेला डेटा जातो कसा?

नवीन पनवेलच्या खांदा कॉलनीतील एखाद्या घरात संध्याकाळी एकाच वेळी बरेच काही सुरू असते. मुलीचा ऑनलाइन क्लास, वडिलांची ऑफिसची मीटिंग, टीव्हीवर मालिका आणि खाली भाजीवाल्याला यूपीआयने द्यायचे पैसे. इंटरनेटच्या बिलावर ‘१०० एमबीपीएस’ असे ठळक छापलेले असते. तरीही नेमके मीटिंगमध्येच गोल चक्र फिरू लागते. कंपनीला फोन केला तर ‘आमच्याकडून लाइन व्यवस्थित आहे’ असे उत्तर मिळते. ग्राहक आणि कंपनी, दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता असते. कारण इंटरनेट ही एक वस्तू नाही. वेगवेगळ्या संस्थांनी ठरवलेल्या नियमांचे थर एकावर एक रचून ते तयार झाले आहे आणि बिघाड यांपैकी कोणत्याही थरात असू शकतो. हे थर कोणते आणि त्यांची माहिती ग्राहकाच्या काय कामाची, ते पाहू.

बिलावरचा आकडा नेमका कशाचा?

‘एमबीपीएस’ म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. आपण फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये, म्हणजे ‘एमबी’मध्ये मोजतो. आठ बिट मिळून एक बाइट होतो. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरतात. एक जीबीचा चित्रपट उतरायला सगळे सुरळीत असले तरी सुमारे ८० सेकंद लागतात. ‘१०० चा प्लॅन आहे आणि मोबाइल १२ दाखवतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच गणित असते.

दुसरे म्हणजे, हा आकडा वाहिनीच्या रुंदीचा आहे. पाइप किती जाड आहे हे त्यातून कळते, पाणी किती लांबून येते हे कळत नाही. डेटा जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेला ‘लेटन्सी’ म्हणतात आणि ती मिलिसेकंदात मोजतात. चित्रपट उतरवताना रुंदी महत्त्वाची असते, तर मीटिंग, ऑनलाइन गेम किंवा यूपीआयसाठी लेटन्सी. म्हणून १०० चा प्लॅन २०० चा केला तरी मीटिंग सुधारेलच असे नाही.

आणि ‘ब्रॉडबँड’ कशाला म्हणायचे, यालाही सरकारी व्याख्या आहे. २००४ च्या धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस होता. पुढे तो ५१२ केबीपीएस झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने तो २ एमबीपीएसवर नेला. जाहिरातीतला ‘पर्यंत’ हा शब्द आणि व्याख्येतला ‘किमान’ हा शब्द यांच्यात केवढे अंतर आहे, ते यावरून लक्षात येते.

‘पॅकेट’ म्हणजे काय?

ट्रंक कॉलच्या काळात दोन गावांमधील संभाषणासाठी एक संपूर्ण वाटच राखून ठेवावी लागे. दोघे गप्प बसले तरी ती वाट तिसऱ्याला मिळत नसे. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी वेगळी कल्पना मांडली. संदेशाचे लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक घालायचा आणि सगळ्यांचे तुकडे एकाच वाटेवरून सोडायचे. या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिले.

आजच्या बहुतेक जोडण्यांमध्ये एका पॅकेटात जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. तीन एमबीचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ आकारात पाठवला तर त्याचे दोन हजारांहून अधिक तुकडे होतात. ते वेगवेगळ्या वेळी, कधी वेगवेगळ्या वाटांनीही पोहोचतात. पलीकडचा फोन क्रमांक पाहून ते पुन्हा जुळवतो. एखादा हरवला तर तो परत मागवला जातो. हे काम ‘टीसीपी’ या नियमानुसार होते. थेट संभाषणात मात्र हरवलेला तुकडा परत मागवण्यात अर्थ नसतो, कारण तो येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. म्हणून व्हिडीओ कॉलसाठी शक्यतो ‘यूडीपी’ हा दुसरा नियम वापरतात. फोटो उशिरा पण पूर्ण येतो आणि कॉलमध्ये मात्र आवाज तुटतो, त्याचे कारण हे.

पॅकेटाला पत्ता कसा सापडतो?

सिडकोने वसवलेल्या वसाहतीतील पत्ता सेक्टर, प्लॉट, इमारत, सदनिका अशा क्रमाने असतो. बाहेरून येणाऱ्याला सदनिकेचा क्रमांक आधी लागत नाही, आधी सेक्टर सापडावा लागतो. पिनकोडही तसाच. पनवेलच्या ४१०२०६ मधील पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हा विभाग दाखवतो, पहिले तीन अंक टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय. कोलकात्यातील कर्मचाऱ्याला खांदा कॉलनी कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही, सुरुवातीचे अंक पुरतात. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवीही होते.

इंटरनेटवरील ‘आयपी’ पत्त्याची रचना याच धर्तीची आहे. सुरुवातीचा भाग जाळे सांगतो, उरलेला भाग त्यातले यंत्र. वाटेवरचे प्रत्येक राउटर सुरुवातीचा भाग पाहून पॅकेट पुढच्या राउटरकडे ढकलते. संकेतस्थळाच्या नावावरून हा आकडी पत्ता शोधून देणारी वही वेगळी असते. तिला ‘डीएनएस’ म्हणतात.

अडचण अशी की, जुन्या आयपी पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत. वाटपासाठी शिल्लक असलेला त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यावर दोन उपाय निघाले. एक, अनेक घरांनी मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरायचा. दुसरा, ‘आयपीव्ही ६’ ही नवी, कितीतरी अधिक पत्ते असलेली पद्धत. ती वापरण्यात भारत आज जगातील आघाडीच्या देशांत आहे. घरातील सीसीटीव्ही कॅमेरा बाहेरून दिसत नाही, यामागे अनेकदा पहिला उपाय असतो. पत्ता तुमचा एकट्याचा नसतो, त्यामुळे बाहेरून आलेल्याला तुमचे दार कोणते ते कळत नाही.

घरापर्यंतची वाट कशी असते?

फायबरच्या जोडणीत काचेचा जो धागा प्रकाश वाहून नेतो, त्याचा गाभा सुमारे ९ मायक्रॉन असतो, म्हणजे केसापेक्षाही बराच बारीक. घरोघरी पोहोचणाऱ्या फायबरसाठी भारतात ‘जीपॉन’ हे मानक मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्यात कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक धागा वाटेत ‘स्प्लिटर’ने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. या सगळ्या घरांना मिळून उतरत्या दिशेने सुमारे २५०० एमबीपीएस आणि चढत्या दिशेने त्याच्या निम्मा वेग असतो.

आता हिशेब पाहा. ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण वेग वापरला तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएस येतात, १०० नाहीत. ही फसवणूक नव्हे. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत, या गृहीतावरच जगभरातील जाळी बांधलेली आहेत. घरांची संख्या आणि वापर यांचा अंदाज चुकला की रात्री नऊला वेग पडतो आणि पहाटे पाचला पूर्ण मिळतो. असा ठरावीक वेळेचा नमुना दिसला तर दोष घरात नसून सामायिक वाटेत असण्याची शक्यता जास्त.

घरात आल्यावर शेवटचे काही मीटर हवेतून जातात. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालते. पहिली पट्टी भिंतींतून चांगली जाते, पण तिच्यात एकमेकांवर न येणारे मार्ग तीनच आहेत. लागून असलेल्या सदनिकांमध्ये दहा-बारा राउटर असतील तर ते सगळे या तीन मार्गांवर दाटीवाटी करतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्टीत असतो. दुसरी पट्टी मोकळी आणि वेगवान आहे, पण काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे ती दुबळी होते. म्हणून राउटर टीव्हीच्या मागे कोपऱ्यात आणि मीटिंग आतल्या खोलीत, अशी मांडणी असेल तर प्लॅन बदलून उपयोग नसतो. जागा बदलावी लागते.

पनवेलबाहेर डेटा कुठे जातो?

फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नवीन पनवेल ते मुंबई हे ५० किलोमीटरचे अंतर तो पाव मिलिसेकंदात कापतो. सर्व्हर दहा हजार किलोमीटरवर असेल तर नुसते जाऊन यायलाच १०० मिलिसेकंद लागतात. कितीही महागडा प्लॅन घेतला तरी हा वेळ वाचत नाही. म्हणूनच लोकप्रिय सेवा आपल्या मजकुराच्या प्रती ग्राहकाच्या जवळच्या डेटा सेंटरमध्ये ठेवतात. योट्टा कंपनीचे ‘एनएम-१’ हे मोठे डेटा सेंटर पनवेलमधील हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत जुलै २०२० मध्ये सुरू झाले. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या चार पातळ्यांपैकी सर्वोच्च ‘टियर-४’ ही पातळी त्याला मिळालेली आहे. दुरुस्तीसाठी एखादी यंत्रणा बंद केली किंवा अचानक एक बिघाड झाला, तरी काम थांबू नये, असा त्या पातळीचा अर्थ.

देशातील कंपन्यांनी एकमेकांचा डेटा देशातच अदलाबदल करावा, यासाठी २००३ मध्ये ‘निक्सी’ ही व्यवस्था उभी राहिली. परदेशी डेटा मुंबई, चेन्नईसारख्या किनाऱ्यांवर उतरणाऱ्या समुद्राखालच्या केबलमधून येतो. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ अशा केबल तुटल्या, तेव्हा भारताचा पश्चिमेकडील संपर्क मोठ्या प्रमाणात मंदावला होता. तेव्हा कुणी घरातला मोडेम दहा वेळा बंद-चालू केला असता तरी काही फरक पडला नसता.

हे नियम ठरवते कोण?

कोणतेही एक सरकार किंवा कंपनी नाही. प्रत्येक थराची वेगळी संस्था आहे. वायफाय आणि इथरनेट यांची मानके ‘आयट्रिपलई’ ही अभियंत्यांची संघटना ठरवते. इथरनेटचे १९८३ मध्ये आले, तर वायफायचे पहिले मानक १९९७ मधले. फायबरची मानके ‘आयटीयू’ ठरवते. १८६५ मध्ये तारयंत्रांसाठी स्थापन झालेली ही संस्था आता संयुक्त राष्ट्रांचा भाग आहे. मोबाइलची तांत्रिक मानके ‘थ्रीजीपीपी’मध्ये घडतात. आयपी आणि टीसीपीचे दस्तऐवज ‘आयईटीएफ’ सांभाळते आणि ते कुणालाही फुकट वाचता येतात.

थरांची ही विभागणी मुद्दाम केलेली आहे. वरच्या थराला खालचा थर काय वापरतो हे माहीत असण्याची गरज नसते. म्हणून तेच यूपीआय अ‍ॅप घरात वायफायवर, रिक्षात फोर-जीवर आणि स्टेशनवर फाइव्ह-जीवर चालते. अ‍ॅप बदलावे लागत नाही. एका देशाचा राउटर, दुसऱ्याचा फोन आणि तिसऱ्याची केबल एकत्र चालतात, त्याचे श्रेयही या करारांना.

अमेरिकेतील ‘अर्पानेट’ने १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी-आयपी स्वीकारले. भारतात इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यातील सुरुवातीचा ई-मेल मुंबईतच, जुहूची एनसीएसटी ही संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी यांच्या दरम्यान टेलिफोनच्या तारेवरून गेला. १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेशी जोडणी झाली, तिचा वेग ९.६ केबीपीएस होता. खांदा कॉलनीतील १०० एमबीपीएसच्या घराला आज त्याच्या दहा हजारपट वेग मिळतो. एनसीएसटीचे प्रमुख श्रीनिवासन रमाणी यांचा २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले केले.

मानक आपल्याला सोयीचे हवे की जगाशी जुळणारे, हा पेच भारतासमोर फाइव्ह-जीच्या वेळी उभा राहिला. ‘टीएसडीएसआय’ या भारतीय मानक संस्थेने दूरदूरच्या गावांना कमी मनोऱ्यांत जोडता यावे, अशा सुधारणांसह ‘फाइव्ह-जी-आय’ तयार केले आणि आयटीयूने त्याला मान्यताही दिली. पण जगापेक्षा वेगळे मानक म्हणजे वेगळ्या चिप, वेगळी यंत्रे आणि वाढलेली किंमत, असा दूरसंचार कंपन्यांचा आक्षेप होता. अखेर या सुधारणा थ्रीजीपीपीच्या जागतिक मानकातच सामावून घेण्याचा मार्ग निघाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात फाइव्ह-जी सुरू झाले, तेव्हा परदेशातल्यासारखेच हँडसेट इथे चालले, ते त्यामुळे.

मराठीचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि तो खिशाशीही आहे. सर्वांत वरच्या थरात अक्षरांचे मानक असते, ‘युनिकोड’. १९९१ मधील त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. इंटरनेटवर रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, तर इंग्रजी अक्षर एक. काना, मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजले जातात. ‘खांदा कॉलनी’मध्ये मधल्या जागेसह ११ चिन्हे आहेत आणि ती ३१ बाइट घेतात. हेच नाव इंग्रजीत लिहिले तर १३.

इंटरनेटवर हा फरक जाणवत नाही, एसएमएसमध्ये जाणवतो. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजीत त्यात १६० अक्षरे बसतात, तर देवनागरीत नेहमीच्या पद्धतीने फक्त ७० चिन्हे. संदेश लांबला तर प्रत्येक भागात ६७ उरतात. म्हणजे १५० चिन्हांची मराठी सूचना तीन एसएमएसची होते, इंग्रजी एकाचीच. हजारो ग्राहकांना संदेश पाठवणारी एखादी बँक किंवा पालिका मराठीऐवजी इंग्रजी निवडते, तेव्हा त्यामागे हा खर्चही असू शकतो.

दुसरी अडचण शोधण्याची आहे. ‘तऱ्हा’ किंवा ‘वाऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. त्यामुळे मतदारयादीत किंवा सातबाऱ्यावर असे आडनाव डोळ्यांना दिसत असूनही शोधयंत्राला न सापडणे शक्य आहे.

मग तक्रार करायची तरी कुठे?

थर खालून वर तपासत जावे. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ हा लाल दिवा लागला असेल, तर प्रकाशच पोहोचत नाही. धागा तुटला किंवा दुमडला आहे, तो कंपनीच्या माणसानेच जोडायचा. रस्ते खोदताना अशा वाहिन्या तुटू नयेत म्हणून खोदकामापूर्वी सूचना देण्याचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप केंद्राने मार्च २०२३ मध्ये आणले आहे.

दिवा ठीक आहे, राउटरजवळ वेग पूर्ण मिळतो, पण आतल्या खोलीत मिळत नाही? दोष वायफायचा. राउटरची जागा किंवा पट्टी बदला. व्हॉट्सअ‍ॅप चालते, पण संकेतस्थळे उघडत नाहीत? नाव-पत्त्याची वही, म्हणजे डीएनएस अडली असावी. एकच अ‍ॅप बंद आहे? बिघाड बहुधा त्या सेवेकडे आहे. सगळेच, पण ठरावीक वेळीच मंदावते? राउटरला शक्यतो तारेने जोडलेल्या संगणकावर सकाळी, संध्याकाळी आणि रात्री स्पीड टेस्ट घ्या, तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा आणि मग कंपनीच्या तक्रार केंद्राकडे नोंद करा. डॉकेट क्रमांक न विसरता घ्या. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, ही दोन टप्प्यांची व्यवस्था ‘ट्राय’च्या २०१२ च्या नियमांनी बंधनकारक केली आहे. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.

‘नेट स्लो आहे’ एवढ्या तक्रारीला ‘लाइन व्यवस्थित आहे’ हे उत्तर पुरते. ‘तारेने जोडलेल्या संगणकावर सलग सात दिवस रात्री नऊला इतका वेग आणि सकाळी सहाला इतका’ या तक्रारीला ते पुरत नाही.